चिलमटोकावर गेलेला फिरकीचा तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. फिरकीचा म्हणजे माझं झाकण नुसतं वर ठेवायचं नसतं, ते फिरवून बसवायचं असतं. एकदा बसलं की मला आडवा करा, उलटा करा, दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, आदळत न्या, थेंब बाहेर येणार नाही. घरात पाणी प्यायला साधे तांबे असतात. ते सकाळी भरतात, रात्री रिकामे होतात आणि समाधानानं पालथे पडतात. ते समाधान मला कधी जमलं नाही. मला कुणी पालथं घातलं की वाटतं, आपली गाडी चुकली.

मित्रांनो, तुम्हांला वर्गात एका जागी बसवलं की पाय हलवावेसे वाटतात ना? मला पायच नाहीत. यावरून माझ्या हालांची कल्पना करा.

माझा जन्म मेहकरच्या एका बोळात झाला. कडूबा नावाच्या तांबटानं मला ठोकून ठोकून आकाराला आणलं. पोट करायला त्याला फार वेळ लागला नाही, पण झाकणाचे आटे, म्हणजे फिरकीच्या खाचा, पाडताना तो जेवायला उठेना. बायको हाका मारून थकली. शेवटी रुक्मिणीबाई नावाच्या एक करारी बाई दुकानात आल्या आणि त्यांनी मला उचलून कानाशी हलवलं.

"गळणार नाही ना रे?"

"बाई, गळला तं आनून माह्या डोस्क्यावर हानजा."

"आणि उघडेल ना?"

"बंद करनं माह्या हातात होतं," कडूबा म्हणाला. "उघडाचं तुमच्या हातावर हाय."

रुक्मिणीबाईंच्या हातावर माझं चांगलं चाललं. त्यांच्याबरोबर मी लग्नांना गेलो, बारशांना गेलो, एकदा कोर्टातही जाऊन आलो. दमणीतल्या बायका माझं पाणी पिऊन म्हणायच्या, "काय गार राहतं हो!" प्रत्येक स्तुतीनंतर मला वाटायचं, चला, आता पुढचं गाव. पण लग्न संपलं की मी पुन्हा फळीवर. फळीवर असताना मी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाचा आवाज ऐकत असे.

पुढे रुक्मिणीबाईंचे चिरंजीव वामनराव कारकून झाले. त्या काळी वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले, आणि पटकीची साथ मात्र स्थानिकच असे. वामनराव साथीच्या बंदोबस्ताच्या कचेरीत होते. गावोगाव विहिरीत लाल औषध टाकायचं आणि देवळाच्या भिंतीवर सुवाच्य अक्षरात 'पाणी उकळून प्यावे' असं लिहायचं, हे त्यांचं काम. ते इतक्या मनापासून करत की स्वप्नातसुद्धा त्यांनी कधी न उकळलेलं पाणी प्यायलं नसेल.

वामनरावांची बायको होऊन वासंती घरात आली, आणि मला पहिल्यांदा कुणीतरी आपल्यासारखं भेटलं. तीसुद्धा स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जरा जास्तच उभी राहायची.

वासंतीचे वडील चिंतामणराव मेहकरातच राहत. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. तरुणपणी त्यांना झाडापाल्याचा नाद होता. एकदा ते सातपुड्यातल्या चिलमटोक नावाच्या उंच डोंगराच्या अगदी माथ्यावर एकटेच चढून गेले होते. उलटी ठेवलेली चिलीम दिसते ना, तसा तो डोंगर. तिथे त्यांनी एक तांबडं इवलंसं झाड पाहिलं. भर दुपारी त्याच्या पानांवर दव होतं, आणि त्या दवाला किडे चिकटून मरत होते. खाली येऊन त्यांनी हे सांगितलं, आणि तेवढंच चुकलं. दुपारचं दव! तेव्हापासून अख्खं मेहकर त्यांना 'दवमास्तर' म्हणू लागलं. कुणी थाप मारली की पारावरची माणसं म्हणत, "दवमास्तरकडून आलास वाटतं?" आता चिंतामणरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. त्यांना स्वतःला ते झाड पुन्हा बघता येणार नव्हतं. पण ते आहे, हे एकदा कुणीतरी डोळ्यांनी पाहून सांगावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि हे म्हणणं ते लेकीशिवाय कुणाजवळ बोलत नसत.

त्या वर्षी आश्विनात वामनरावांची नागपूरला बदली झाल्याचं कळलं. दिवाळीनंतर जायचं. त्याआधीचा शेवटचा दौरा वरवट बकालचा.

"वरवट बकालहून चिलमटोक दिसतो म्हणे," वासंती ताट वाढताना म्हणाली.

"दिसतो."

"मग चढताही येत असेल."

वामनरावांचा घास हातातच राहिला. पण सुट्ट्या लागल्या होत्या, आणि त्यांचे मित्र, शाळेचे ड्रिल मास्तर नीळकंठराव, शेजारी जेवायला बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, मी येतो. एक डोंगर म्हणजे काय!" नीळकंठरावांचे दंड मोठे होते, आणि ते दिसावेत म्हणून ते थंडीतही बाह्या वर करत.

रुक्मिणीबाईंनी परवानगी दिली. "पण एकदाच. आणि मी बरोबर येणार."

"डोंगरावर?"

"डोंगराच्या खालपर्यंत. सून नजरेआड झाली तर निदान डोंगर तरी नजरेसमोर असावा."

मी फळीवर बसून हे सगळं ऐकत होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. मला नेणार की नाही, या काळजीनं मी ती रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी वासंतीनं हात वर करून मला उचललं तेव्हा माझं झाकण आपोआप खुळखुळलं.

मेहकरहून मोटारीनं खामगाव, पुढे शेगाव, तिथून दमणी. वरवट बकालला मुक्काम उकंडरावांकडे. उकंडराव म्हणजे कपाशीचे मोठे शेतकरी, घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला तोटा नाही. चिलमटोकाच्या माथ्यावर पाहुण्यांना न्यायचं, हा त्यांच्या घराण्याचा मान. आजोबांनी साहेब नेले, वडिलांनी साहेब नेले, आता ते नेत.

"माथा झाला की नाही, तं मले बोलजा," ते मिशीवर हात फिरवून म्हणाले.

पहाटे रुक्मिणीबाईंनी चुलीवर पाणी ठेवलं. चांगलं खळखळा उकळलं, आणि तसंच माझ्यात ओतलं. मला घाम फुटला.

"आई, जरा वाफ जाऊ द्यायची का?" वासंती म्हणाली.

"वाफ जाईल तशी पटकी येईल," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझं झाकण अंगातलं सगळं बळ लावून पिळलं.

मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी हे कुणीच लक्षात ठेवलं नाही. उकळतं पाणी भरून झाकण बंद केलं, आणि मग पाणी निवू लागलं, की आतली वाफ आक्रसते आणि झाकणाला आत ओढून धरते. दमणीत पायथ्याकडे जाता जाता मला असं वाटू लागलं, की आपण एक मोठा श्वास आत घेतला आहे आणि आता तो सोडता येत नाही.

पायथ्याच्या गावात रुक्मिणीबाई एका ओसरीवर डोंगराकडे तोंड करून बसल्या. देवळाच्या भिंतीवर वामनरावांच्याच अक्षरात पाणी उकळण्याविषयी लिहिलं होतं. ते स्वतः वामनरावांनी जाता जाता अभिमानानं वाचलं. पुढे उकंडराव, मग नीळकंठराव, मग छत्री घेतलेले वामनराव आणि शेवटी वासंती. मी तिच्या काखेत.

सुरुवातीला साग, मग सालई, मग बांबू. वासंती प्रत्येक झाडाशी थांबे.

"उकंडराव, हे काय?"

"हे औषधी हाय."

"आणि हे पिवळं?"

"थे बी औषधी."

"कशावर?"

"समद्यावर!" उकंडराव म्हणाले आणि पुढे झाले. एवढ्या आत्मविश्वासानं चालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिला ओढा लागला. छान वाहता. उकंडराव वाकले, ओंजळीनं पोटभर प्याले, मिशा पुसल्या. वामनरावांनी त्या पाण्याकडे बिनसहीच्या अर्जाकडे पाहावं तसं पाहिलं आणि ते ओलांडून गेले. आपल्याकडे उकळलेलं पाणी होतं ना!

दुसऱ्या ओढ्यापाशी शिदोरी सोडली. उकंडरावांच्या घरून ज्वारीच्या भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला होता. वऱ्हाडी ठेचा म्हणजे तोंडात घातल्यावर माणूस आधी गप्प बसतो, मग चहूकडे पाणी शोधतो. वामनरावांनी पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि मला उचललं. झाकण फिरवलं. ते फिरलं नाही.

"जरा घट्ट आहे."

"आणा इकडे," नीळकंठराव म्हणाले. बाह्या आधीच वर होत्या. त्यांनी मला गुडघ्यांत धरलं, नाक फुगवलं, मान लाल केली. मी जागचा हललो नाही.

"हात तेलकट झालेत."

त्यांनी माती लावून पाहिली. सदऱ्याचं टोक गुंडाळून पाहिलं. मग मला दगडावर दोनदा आपटलं. माझ्या कुशीला तो पोचा आजही आहे. उकंडरावही पुढे सरसावले आणि माझ्याशी थेट बोलले.

"बे तांब्या, काऊन अडून राह्यला? खोल ना तोंड!"

तोंड उघडायची माझीही इच्छा होती. पोटात पाणी असून ते कुणाला देता येत नाही, याच्यासारखी बेचैनी नाही. पाणी आतल्या आत हिंदकळत होतं, आणि प्रत्येक हिंदकळण्याबरोबर तिघांचे कान माझ्याकडे वळत होते.

नीळकंठराव उठून ओढ्याकडे गेले आणि त्यांनी ओंजळ भरली.

"नीळकंठ," वामनराव शांतपणे म्हणाले, "पटकीत आधी पोटऱ्यांना गोळे येतात. मग डोळे खोल जातात. मग बोटांची कातडी धोब्याच्या हातांसारखी सुरकुतते."

नीळकंठरावांनी ओंजळ हळूच उघडली. "अरे, पण इथं बघतंय कोण?"

"मी बघतोय ना!"

अशा रीतीनं वाहत्या ओढ्याच्या काठावर दोन शिकलेली माणसं तहानलेली उठली. वासंतीला तहान लागायला वेळच नव्हता. तिचं लक्ष सारखं वर होतं. सूर्य चढत होता, आणि दवमास्तरांचं दव दुपारचं होतं.

पुढची चढण फार उभी होती. गवत कमरेएवढं, ऊन पाठीवर. बऱ्याच वेळानं एका सपाटीवर आलो. तिथे एका खुरट्या झाडाखाली शेंदूर फासलेला उभा दगड होता आणि त्याच्याभोवती लहान दगडांची मोठी रास. उकंडरावांनी एक दगड उचलून राशीवर टाकला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले,

"माथा झाला! टाका एकएक गोटा, अन् चाला वापस."

वामनरावांनी तत्परतेनं दगड टाकला. "झालं. बघितलास ना माथा?"

वासंती वर बघत होती. समोर, उलट्या चिलमीसारखा, अख्खा डोंगर अजून बाकी होता.

"उकंडराव, हा माथा, तर मग तो काय?"

"थ्यो डोंगराचा माथा हाय, बाईसाहेब," उकंडराव समजावून म्हणाले. "हा मानसाचा."

"तुम्ही तिथं गेलात कधी?"

"म्या? म्या काऊन जाऊ? माहा बाप नाही गेला, आजा नाही गेला."

"पण तुम्ही साहेबांना नेता ना?"

"त्याइले बी इथंच आनतो. हा थांबदेव हाय. सारे इथंच थांबतात. साहेब दुर्बिनीतून पाह्यतात, फोटो काढतात, खुश होऊन जातात."

"आणि पुढे गेलं तर?"

"देवाच्या म्होरं गेलेला मानूस वापस येत नाही, म्हनतात."

"कोण गेलं होतं?"

"कोनीच नाही," उकंडराव म्हणाले. "म्हनून तं म्हनतात."

सासरे त्याच माथ्यावरून परत आले होते, तरी वामनरावांना हे पटलं. "तू ऐकलंस. शिवाय पाणी नाही. पाण्याशिवाय मी एक पाऊल पुढं टाकणार नाही."

"पाणी आहे की," वासंतीनं मला पुढे केलं. "असं करू. भावजी, तुम्ही पुन्हा एकदा झाकण बघा. उघडलं, तर पाणी पिऊ आणि मुकाट्यानं परत जाऊ. मी पुन्हा चिलमटोकाचं नाव काढणार नाही."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर परत फिरून उपयोग काय? खाली ओढे आहेत, ते तुम्ही पिणार नाही. उकळलेलं पाणी पायथ्याला, सासूबाईंजवळ. ते फार लांब आहे. माथा जवळ आहे. मग माथाच करू."

वामनराव कारकून होते. मुद्द्यात चूक सापडेना, म्हणून त्यांनी मान डोलावली.

मित्रांनो, नीळकंठरावांनी मला हातात घेतलं तेव्हाची माझी अवस्था काय सांगू! आत पाणी, बाहेर तहानलेली माणसं; मी उघडायला हवं होतं. पण उघडलो की वासंती परत फिरणार, आणि तिचे वडील मरेपर्यंत थापाडे राहणार. शिवाय अर्ध्या वाटेवरून परत जाणं माझ्यासारख्या भांड्याला शोभत नाही. नीळकंठरावांनी कुस्तीला उभं राहावं तसे पाय रोवले. धोतर खोचलं. दात लावायचं तेवढं बाकी ठेवलं. मी वासंतीसाठी दम धरून राहिलो, असं सांगायला मला फार आवडलं असतं. खरं म्हणजे रुक्मिणीबाईंच्या उकळीनं मला असं आवळलं होतं, की माझं मत विचारायला कुणी आलंच नाही.

झाकण हललं नाही. वासंतीनं मला परत घेतलं आणि ती थांबदेवाला नमस्कार करून चालू लागली.

उकंडराव तिथेच उभे. चेहरा पांढरा. घरची पाहुणी पुढे निघाली आणि यजमान मागे राहिला, हे गावाला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. आणि पुढे जावं तर देव. त्यांनी शेवटी दगडापुढे हात जोडले. "देवा, म्या म्होरं नाही जात. म्या मांगून जातो. पाहुनी म्होरं हाय." मग ते सगळ्यांच्या शेवटी आले, आणि देवाला दिलेला शब्द पाळायला त्यांनी वामनरावांनासुद्धा पुढे काढलं. वाट दाखवणारा सर्वांत मागे, असा आमचा लवाजमा माथ्यावर पोचला.

माथ्यावर झाड म्हणून नव्हतं. काळा कातळ, आणि वारा असा की वामनरावांची छत्री उलटून तिची फुलदाणी झाली. पण कातळाच्या खाचांत बोटबोट उंचीची रोपं दाटली होती. निळी फुलं, जांभळी फुलं, मोहरीच्या दाण्याएवढी पिवळी फुलं. खाली कुठेच न दिसणारी. जास्त वाढलं तर वारा उडवून नेईल, म्हणून सगळी जमिनीला धरून बसलेली.

वासंती वाकून वाकून चालू लागली. एक कड झाली. दुसरी झाली. तांबडं काही नव्हतं. ऊन डोक्यावर आलं.

"असतं तर दिसलं असतं," वामनराव कोरड्या तोंडानं म्हणाले.

ती पुढच्या खाचेकडे वळली. पण मी तिच्या हातात होतो. मला तिच्या बोटांची पकड कळत होती. नीळकंठरावांनी खाकरून म्हटलं, "वहिनी, मास्तरांनी खूप वर्षांपूर्वी पाहिलं असेल. तेव्हाचं काय..." वाक्य त्यांनी वाऱ्यावर सोडून दिलं.

उत्तरेच्या अंगाला कातळातून पाणी झिरपत होतं. तिथे शेवाळ होतं. वासंती तिकडे वळली आणि थबकली. तिनं मला उन्हातल्या काळ्या दगडावर टेकवलं. टेकवलं कसलं, टाकलंच. आणि ती गुडघ्यांवर बसली.

"अहो," तिनं हाक मारली. एवढंच.

शेवाळात तांबड्या पानांची रुपयाएवढी चक्रं बसली होती. प्रत्येक पानावर केसासारखे तंतू, आणि प्रत्येक तंतूच्या टोकावर थेंब. भर दुपारी चमकणारे थेंब. एक मुंगी चालत आली, थेंबाला टेकली आणि तिथेच राहिली. हळूहळू बाजूचे तंतू तिच्यावर वाकले.

"खातंय!" नीळकंठराव ओरडले.

"वनस्पती असून?" वामनराव म्हणाले.

उकंडरावांनी मागून मान लांब करून पाहिलं. "औषधी हाय," ते म्हणाले.

वासंती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अण्णा खरं बोलले होते," ती म्हणाली. "सांगून भागायचं नाही. मेहकरला मलाही दवमास्तरीण म्हणतील. एक रोप नेते. एकच. पण नेऊ कशात?"

आणि तिला मी आठवलो. मी मघापासून काळ्या दगडावर तापत पडलो होतो. निम्म्या वाटेत ज्याच्या झाकणाशी तिघं झटले होते, तो बिचारा विसरलेला! तिनं मला उचललं, दुसऱ्याच विचारात झाकणाला हात घातला, आणि मी सकाळपासून धरलेला श्वास सुटला. फुस्स.

झाकण तिच्या हातात.

"मीच ढिलं करून ठेवलं होतं," नीळकंठराव म्हणाले.

वासंतीनं सगळ्यांच्या ओंजळीत वरून धार धरली. उन्हानं पाणी चांगलंच गरम झालं होतं, त्यामुळेच झाकणाची आतली ओढ सुटली होती. वामनराव घटाघटा प्याले. "अगदी उकळल्यासारखं लागतंय," ते समाधानानं म्हणाले. मग तिनं झिरपतं पाणी आणि शेवाळ माझ्या पोटात भरलं, त्यात मातीसकट एक रोप बसवलं आणि तोंडावर ओला रुमाल बांधला. उकंडराव कड्यावर उकिडवे बसले होते. ते उठायला तयार होईनात.

"वरवट दिसून राह्यलं ना इथून! माहं वावर पाहा, केवढंसं! बापाले दाखवाले पाह्यजे होतं."

खाली रुक्मिणीबाईंनी मला लांबूनच ओळखलं.

"माझ्या तांब्यात काय आणलंस?"

"झाड आहे, आई."

"कसलं?"

"मुंग्या खाणारं," नीळकंठरावांनी उत्साहानं सांगितलं.

रुक्मिणीबाई दोन पावलं मागे सरल्या. "चातुर्मासात आमच्या घरी कांदा येत नाही, आणि माझ्या पाण्याच्या तांब्यात..." त्यांनी पदर नाकाला लावला. मला चिंचेनं घासता येईल, विस्तवावर धरता येईल, असं वामनरावांनी सुचवून पाहिलं. "काही नको," त्या म्हणाल्या. "तो माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा येणार नाही. घे ग बाई, तुलाच घे." अशा रीतीनं मी बाटलो आणि वासंतीचा झालो. इतक्या आनंदानं कुणी बाटलं नसेल.

मेहकरला वासंतीनं मुद्दाम भर दुपारची वेळ साधली. चिंतामणराव ओसरीवर बसले होते. आळीतली माणसं हसायची तयारी करून जमली. तिनं रुमाल सोडला. तांबडी पानं जरा मलूल झाली होती, पण थेंब होते. एक माशी घोंघावत आली, पानावर बसली आणि उठली नाही. माणसं वाकून बघत राहिली. हसायचं कुणाला आठवलं नाही.

वासंतीनं वडिलांचं बोट धरून पानाला लावलं. चिंतामणरावांनी बोट उचललं, अंगठ्याला टेकवलं, पुन्हा सोडवलं. बोट आणि अंगठ्यामध्ये चिकट तार ताणली गेली.

"दुपार आहे का गं?"

"भर दुपार आहे, अण्णा."

ते कितीतरी वेळ ती बोटं चोळत बसले. मग त्यांनी विचारलं,

"या वनस्पतीला परत कधी नेतेस?"

"परत?" वामनराव दचकले. "अहो, दिवाळीनंतर नागपूरला जायचंय. एका रोपासाठी पुन्हा डोंगर?"

"जावईबापू, खालच्या हवेत ही जगणार नाही. माझी साक्ष द्यायला एवढ्या लांबून आली, साक्ष दिली, काम झालं. आता पाहुणीला तिच्या घरी पोचवायला नको?"

"कचेरीतला शिपाई पाठवतो."

"जिनं आणली, तिनंच न्यायची," म्हातारा म्हणाला. 'एकदाच' म्हणणाऱ्या रुक्मिणीबाईंनीही मग मान डोलावली. पाहुण्याला पोचवायला जाऊ नको, असं कोण म्हणेल?

म्हणून आम्ही पुन्हा गेलो. या वेळी उकंडराव थांबदेवापाशी स्वतःच म्हणाले, "तुम्ही व्हा म्होरं, म्या हावोच मांगं." माथ्यावर वासंतीनं शेवाळात बोटानं खड्डा केला, रोप बसवलं आणि भोवतीची ओली माती दाबली. संध्याकाळपर्यंत ते ताठ झालं की नाही, हे पाहायला आम्हांला थांबता आलं नाही. त्याची हुरहुर मला अजून आहे.

नागपूरला थर्मास आला. आत काच, बाहेर रंग, आणि पाणी गरमचं गरम. मी फळीवर गेलो. दिवाळीला मला घासून लखलखीत करतात, पाहुण्यांना दाखवतात आणि परत ठेवतात. माझ्यात पाणी कुणी भरत नाही. वासंती आता आजी झाली आहे. तिचे गुडघे दुखतात, पण फळीखालून जाताना ती माझ्या पोच्यावर हात फिरवते, आणि मला कळतं की तिलाही एका जागी बसवत नाहीये.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी फळीवर असेल, तर त्याला नुसता घासू नका. त्याचं झाकण उघडून बघा, पाणी भरा आणि त्याला कुठंतरी न्या. आणि डोंगरावर गेलात, तर तिथली रोपं तिथेच राहू द्या. अगदीच एखादं आणावं लागलं, तर ते परत नेऊन लावण्याइतकं बळ पायांत राखूनच आणा.